तिसऱ्या ओळीचा खोकला

वहिनी : नाही म्हणजे नाही, वन्सं. ती तेलाची कुपी आधी पर्समध्ये ठेवा. हा कीबोर्ड आहे, तुमचं शिलाई मशीन नाही.

नणंद : एक थेंब गं. माझ्या दुकानात काहीही अडलं की एक थेंब सोडायचा, की चाललं.

वहिनी : तेलावर धूळ बसेल आणि उद्या बाकीच्याही पट्ट्या अडकतील. पाच वाजता गायनवृंदाच्या बाई यायच्यात मला ऐकायला. साथीला मी की ती दुसरी, हे आज ठरणार. आणि या मधल्या पाच पट्ट्या दाबल्या की वर यायचं नावच घेत नाहीत.

नणंद : दुसरी कोण?

वहिनी : आहे एक. रीतसर शिकलेली. मी पडले व्हिडिओ बघून शिकलेली.

नणंद : मग मी तरी कुठे कॉलेजात जाऊन ब्लाउज बेतायला शिकले? धर ते टोक. दुलईवर पालथा घालू, तान्ह्या बाळासारखा. हं. स्क्रू दे इकडे, टाचण्या उचलायचं लोहचुंबक आणलंय मी. एक हरवायचा नाही.

वहिनी : ती चपटी वायर ओढू नका हं. रिबिनीसारखी आहे, तुटली की संपलंच.

नणंद : रिबिनी तू मला शिकव आता. हे बघ, निघालं. अगंबाई, केवढं चिकट. पिवळं पिवळं आहे काहीतरी. चाखू?

वहिनी : वन्सं, नको.

नणंद : चाखलं. मध आहे.

वहिनी : मध? मी तर पाण्याचा पेलासुद्धा जवळ ठेवत नाही वाजवताना.

नणंद : दादा?

वहिनी : तुमचा दादा या खोलीत फक्त पंखा बंद करायला येतो.

नणंद : मग या घरात मध खातं कोण?

वहिनी : आई. दुपारी जेवण झालं की चमचाभर. खोकल्यावर.

नणंद : कसला खोकला? माझ्याकडे आठवडाभर राहून गेली, एकदाही खोकली नाही.

वहिनी : इथे येऊन ऐका. मी वाजवायला बसले की पलीकडून सुरू. तेही बरोब्बर तिसऱ्या ओळीला. कंटाळतात बिचाऱ्या. तोंडाने काही बोलत नाहीत, पण माझा जीव एवढाएवढासा होतो.

नणंद : हा मध तर हटत नाहीये. स्पिरिट अजून आहे का? आणि थांब जरा. आई, ए आई, इकडे ये बघू.

सासूबाई : मी कशाला? मला काय कळतं त्यातलं?

नणंद : कशातलं ते अजून सांगितलंच नाही मी.

सासूबाई : आले, आले. अगं, स्पिरिट काय ओतताय त्याच्यावर? कोमट पाण्यात फडकं पिळून घ्या. मध आहे तो, आपोआप सुटेल.

नणंद : मध आहे हेही कळलं तुला.

वहिनी : आई, तुम्ही वाजवता?

सासूबाई : वाजवते कसली. दुपारी तू बाहेर पडलीस की एका बोटाने चाचपडते. बोट पुसायचं राहिलं असेल एखाद्या दिवशी.

नणंद : एखाद्या? पोळं लागलंय आत.

वहिनी : मला सांगायचं नाहीत का?

सासूबाई : काय सांगू? सुनेचं बघून सासूलाही डोहाळे लागले म्हणून? रागावलीस?

वहिनी : रागवायला वेळ कुठाय, आई. हे घ्या फडकं, त्या दोन काळ्या तुमच्या. वन्सं, केसांचा ड्रायर आणा, गार हवेवर ठेवा. पट्ट्यांची उलटापालट नको.

नणंद : कशी होईल? प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा घातलाय, बाह्या-कॉलरवर घालतो तसा. चल, बसव. स्क्रू मोजून परत घे. आता सुलटा कर, लाव वायर.

वहिनी : आई, तुम्ही दाबा. चिकटवल्यात तुम्ही.

(सासूबाई एका बोटाने गाण्याच्या तीन ओळी वाजवतात.)

नणंद : आल्या वर. पाचही आल्या. वहिनी, आल्या गं.

वहिनी : हे तर माझंच गाणं. पण तिसरी ओळ एवढी सावकाश?

सासूबाई : तशीच आहे ती. तू तिथं आलीस की मागे कुत्रं लागल्यासारखी पळतेस. रोज.

वहिनी : रोज. म्हणून तो खोकला?

सासूबाई : मग काय सांगणार होते तुला? मला कुठे येतं त्यातलं काही.

नणंद : बेल वाजली. मी दार उघडते. वहिनी, अशी उभी काय राहिलीस?

वहिनी : हात ओलेच आहेत अजून माझे.

सासूबाई : पदराला पूस आणि बस. मी आहे दारामागच्या खुर्चीवर. पळायला लागलीस की खोकेन.