बदलीचा माणूस

काळुराम : आणि पाणी? प्यायचं पाणी कुठून आणतोस?

प्रणित : सांगितलं ना बाबा, गुरुवारी किनाऱ्यावरून लाँच येते. पाण्याची पिंपं, तांदूळ, कांदे टाकते. चार्ज केलेली बॅटरी देते, तिच्यावरच बोलतोय आता. आज तुला झालंय काय? चुलीपासून संडासापर्यंत सगळं विचारलंस.

काळुराम : विचारू नको? पोरगा चौथं वर्ष परमुलखात जहाजावर एकटा बसलाय, बापानं विचारू पण नको?

प्रणित : विचार की. पण इतकी वर्षं नाय विचारलंस ते आज विचारतोस.

काळुराम : वर चढायची शिडी उभी हाय का तिरकी?

प्रणित : तिरकी. बाबा, काय शिजतंय तिकडं? खरं सांग.

काळुराम : शिजतंय कुठं, सकाळचीच भाकर हाय. तिरकी ना? मग गुडघ्याला जड नाय जाणार.

प्रणित : कुणाच्या गुडघ्याला?

काळुराम : माझ्या. पासपोर्ट आला काल. फोटोत अगदी चोर दिसतो मी.

प्रणित : पासपोर्ट? तुझा?

काळुराम : नाय तर कुणाचा? चौकशीला रोह्यावरून पोलिस आला होता. बोलला, म्हातारबा, या वयात फॉरेन कशाला? मी बोललो, नोकरी लागली. हसून हसून त्यानं चहा सांडला पँटीवर.

प्रणित : कसली नोकरी?

काळुराम : तुझीच.

प्रणित : बाबा, मस्करी नको. टाळकं आधीच तापलंय उन्हानं.

काळुराम : मस्करी नाय. ती तिकडची वकीलबाई, केरळची, ती नम्रताशी फोनवर बोलते ना? तिला नम्रतानं सरळ विचारलं, माझा नवरा सुटायचा कसा? ती बोलली, जहाजाचा खटला संपत नाय तोवर कायद्याला जहाजावर सहीचा माणूस लागतो. पण तो प्रणितच पायजे असं कुठं लिहिलेलं नाय. दुसरा सही करून उभा राहिला, की पयला सुटला.

प्रणित : ते मला पण माहीत हाय. पण उभा कोण राहणार? मालक गायब. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, ऑफिस तिसऱ्यात. कागदावर खायचं तेल आणि टाक्यांत चोरीचं डिझेल. जहाज पकडलं तशी मालकाची माणसं पळाली आणि कायद्याच्या हाताला मी लागलो. कॅप्टन बोलला, राखणीची एक सही करा कुणीतरी, पंधरा दिवसांचा प्रश्न हाय. सगळ्यांना घरी जायची घाई. मी बोललो, राखणच ना? माझ्या बापानं जन्मभर खारबांधाची राखण केली. द्या इकडं पेन.

काळुराम : मग बांधावरची रीत विसरलास का? उधाणाच्या रात्री ज्याची पाळी, तो दुसरा येऊन उभा राहीपर्यंत बांध सोडत नाय. अंगात ताप असू दे, घरात बायको बाळंत होऊ दे. बांधाला खांड पडली तर खारं पाणी सगळ्या गावाच्या भातात शिरतं. तू पाळीवर हायस. आणि दुसरा कधी येतो म्हणून आपण सगळे वाट बघत बसलो, येड्यासारखे. तो तर घरातच बसला होता, ओटीवर.

प्रणित : बांधावरची पाळी एका रात्रीची असते, बाबा. सकाळी घरी येऊन झोपायचं असतं. इथली सकाळ कुणाला माहीत? वकीलबाई पण तारीख सांगत नाय.

काळुराम : नसू दे. मला कुठं लग्नाला जायचंय.

प्रणित : तुला कळत नाय! इथं उन्हात लोखंडाला हात लागत नाय. खाली अंधार, उंदीर. ते पण जाऊ दे. संध्याकाळी समोर किनाऱ्यावर दिवे लागतात, गाड्या जाताना दिसतात. माणसं घरी चाललेली असतात. मी ओरडून बघितलंय, कुणी मान पण वळवत नाय. मागच्या महिन्यात मी फोन केला नाय ना, तेव्हा बॅटरी होती माझ्याकडं.

काळुराम : होती? मला वाटलं, रेंज नाय. फोन छातीवर ठेवून झोपत होतो मी.

प्रणित : मुद्दाम नाय केला. तुझा फोन ठेवला की जी शांतता होते ना, ती सोसत नाय मला. त्यापेक्षा बोलूच नये वाटतं.

काळुराम : मला काय वेगळं होतं? तुझी आई गेल्यापासून घरात मी बोलतो कुणाशी? कोंबड्यांशी. नम्रता पेणला, माहेरी. तिचं तरी काय चुकलं, तिकडं गणपतीच्या कारखान्यात रंगाचं काम मिळतं, तुझ्या पोरीला, पिंकीला, शाळा जवळ. मी अष्टमी गावात जातो बाजाराला. तिथला वाणी विचारतो, काय काळुराम, पोराची काय खबर? तेवढं विचारतो म्हणून जातो. मग उगीच कसं उभं राहायचं, म्हणून मीठ घेतो. मिठागरावर जन्म गेला माझा आणि दुकानातून पुड्या आणतो मिठाच्या.

प्रणित : म्हणून काय बापाला कोंडून मी घरी यायचं? गावात लोकं तोंडावर थुंकतील माझ्या.

काळुराम : लोकं! लोकं चार दिवस बोलतील, मग त्यांची लावणी येईल. तू मला सांग, मी इथं एकटा, तू तिथं एकटा. दोन जागी दोन माणसं फुकट चाललीत. त्यातलं एक तरी घरी येऊ दे. मी काय, कुठंही बसलो तरी एकटाच बसणार.

प्रणित : नम्रताला माहीत हाय हे?

काळुराम : हाय.

प्रणित : काय बोलली?

काळुराम : आधी नको बोलली. रडली. मग परवा पेणवरून आली, माझ्या बनियनी धुतल्या, घड्या घातल्या आणि बॅगेत भरल्या.

प्रणित : म्हंजे तिचं पण ठरलंय.





काळुराम : तिच्यावर राग धरू नको, पोरा. तिला तू पायजेस. मला पण पायजेस, पण तिचं आयुष्य अजून सगळं पडलंय.

प्रणित : आणि मला काय पायजे, ते विचारलं कुणी?

काळुराम : मी विचारतो. सांग, काय पायजे?

प्रणित : घरी यायचंय. लय घरी यायचंय, बाबा. आणि तुझ्यासमोर हे तोंडातून निघालं, त्याची लाज वाटते.

काळुराम : लाज कसली रे त्यात? माझ्याकडं नाय बोलणार तर कुणाकडं बोलणार? झालं मग. आता वकीलबाईला तू हो सांग. तुझ्या होकाराशिवाय ती हलत नाय.

प्रणित : म्हंजे मी घरी येणार, तेव्हा घराला कुलूप.

काळुराम : चावी शेजारच्या बायजाबाईकडं ठेवतोय. कोंबड्या पण तिच्याकडंच.

प्रणित : आणि आपण? तू शिडी चढणार, मी उतरणार. अशी भेट?

काळुराम : नाय नाय, तसं नाय. ते मी आधी विचारून घेतलं. राखण बदलताना जुना माणूस आणि नवा माणूस, दोघांनी एकदम जजसमोर उभं राहायला लागतं. बाहेर बाकड्यावर पण शेजारीच बसवतात.

प्रणित : दहा मिनिटांचं काम असतं ते, बाबा. सही झाली की लगेच लाँचमध्ये बसवतील तुला.

काळुराम : मी विचारलं तिला, तिकडच्या कोर्टात पण आपल्यासारखी गर्दी असते का, बाकड्यावर बसून नंबर लागायला अख्खा दिवस जातो का. जातो बोलली.