मेलेल्याचं पोट

—हसू आलं तर हास की बाळा, तोंड दाबून कशाला बसलायस? चॅनलचा माणूस ना तू, मग परवानगी कोणाची हवीय? हां, बघ आता, सिनेमातला बर्फ. सणाच्या आदल्या रात्रीची गोष्ट, कंजूष म्हातारा, दारात वाट चुकलेला पाहुणा — पुस्तक वाचून म्हणे लोक ढसाढसा रडायचे. मी नाही वाचलं, शाळा मला तिसरीतच कंटाळली. तर हे बर्फ म्हणजे उशीतला कापूस. एकच उशी, बजेट तेवढंच. मी शूटिंगला झाडलोट करायची ना — सीन झाला की झाडूने गोळा करायचा, शिडीवर चढायचं, परत वरून टाकायचा. दोन-चारदा झाल्यावर कापसाबरोबर काय काय पडायला लागलं — थांब, येईल आत्ता — हे. पाहुण्याच्या टोपीवर आपटला ना, तो माझा कंगवा. दिग्दर्शक म्हणतो, असू दे, लोकांना वाटेल गारा पडल्या.

आणि हा कंजूष. मिशी डावीकडून सुटलेली, म्हणून गडी सिनेमाभर उजवा गाल दाखवत फिरतो, दारातून जाताना तर खेकडाच. वा रे नट.

आता खुर्चीत बघ, त्याचा मेलेला भाऊ — ते आमचे. घरचे. लाइटचं काम करायचे, नट आला नाही म्हणून यांना बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं मरायचं, तर तेवढंही जमलं नाही. पोट बघ, पोट. वर, खाली. हा इकडे ऊर बडवतोय, दादा गेला म्हणून, आणि दादा आपला लोहाराच्या भात्यासारखा. अख्खी गल्ली हसली, मी सगळ्यात जास्त. नंतर कितीतरी दिवस दारात कोणी आलं की सांगायची, आमचे मेलेत, जेवून उठले की या.

मागे घे जरा. तिथेच. परत लाव — रोज? रोज कुठे, दुपार जात नाही म्हणून आपलं. कॅसेट जुनी आहे, घासणारच. तेवढ्याच जागी घासलीय म्हणजे — फार बारीक बघतोस रे तू.

काय म्हणालास? कॉम्प्युटरवर नीट करणार? कंगवा पुसणार, मिशी चिकटवणार — चिकटवा, माझं काय जातं. आणि पोट? तेही थांबतं? बटण दाबलं की झालं म्हणतोस.

हं.

हे गेले त्या दिवशी डॉक्टरनेही असंच मऊ आवाजात विचारलं होतं, मशीन बंद करू का म्हणून. तेव्हा मी मान डोलावली.

कॅसेट काढ. इकडे दे. एकच उरलीय हे मलाही ठाऊक आहे, म्हणून तर दे म्हणते. कॉपी नाही, फोटो नाही, काही नाही. चहा राहिला तर राहू दे. तुझ्या साहेबाला सांग, म्हातारीने अंगावर कुत्रं सोडलं. नाहीये कुत्रं घरात — पण तू नीघ आता, नाहीतर मलाच चावावं लागेल.