यंगोना सगळ्या गावाची

उनाइसी : नाही सर. ते वाक्य मी लिहिणार नाही.

विजेंद्र : एकच तर वाक्य आहे. ‘नाकेलेवू हे गाव दूषित झाल्यामुळे अभ्यासातून वगळलं.’ दूषित हा आपल्या अर्थशास्त्राच्या धंद्यातला शब्द आहे, शिवी नाही.

उनाइसी : गावातल्या माझ्या आत्याला वाचून दाखवा, मग कळेल शिवी आहे की नाही.

विजेंद्र : तुझी आत्या तुझा प्रबंध तपासायला बसलेली नाही. थोड्या वेळात समिती येईल. तुझा मार्गदर्शक म्हणून सांगतो, गाव वगळलंस तर आज मंजुरी आणि वर्षाअखेर तू डॉक्टर उनाइसी. नाही वगळलंस तर प्रबंध परत, शिष्यवृत्ती बंद आणि तू इथे सुवा शहरातल्या कुठल्यातरी बँकेत खिडकीमागे. हं, सेरेआना, ऑफिस काय म्हणतंय?

सेरेआना : खुर्च्या लावतेय, सर. समितीच्या तीन, त्यांच्याच रांगेत तुमची आणि समोर उनाइसीची एकटीची. बरोबर ना?

विजेंद्र : नेहमीसारखंच.

सेरेआना : आणि हा डबा कुणाचा म्हणायचा? अख्ख्या मजल्यावर नारळाच्या दुधाचा वास सुटलाय.

उनाइसी : माझा. मासा आणि कसावा आहे. घे की.

सेरेआना : खुर्च्या लावून येते. माझ्यापुरतं ठेव गं बाई. सर जेवायला बसलेत म्हणजे काही खरं नाही.

विजेंद्र : जा तू. हां, तर उनाइसी, डोकं शांत ठेवून ऐक. आपण गावात चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्या घरांना उन्हावर चालणारे फ्रीजर दिले, बाकीच्यांना नाही. का? तर दोघांची मिळकत ताडून बघता यावी. आणि तुझ्या गावाने काय केलं?

उनाइसी : ज्याच्या घरी फ्रीजर, त्याच्याकडे शेजाऱ्यांनी आपले मासे ठेवले.

विजेंद्र : झालं तर. फ्रीजरवाला आणि बिनफ्रीजरवाला, दोघं सारखेच. फरक शून्य.

उनाइसी : सारखेच वर आले, सर. खाडीपलीकडच्या गावात आपण काहीच दिलं नाही. तिथे अजून बाजाराची बोट चुकली की मासे डुकरांना घालतात. आमच्याकडे आता मासा वाया म्हणून जात नाही. आणि तुमच्या तक्त्यात याचं उत्तर येतं शून्य. मग चूक गावाची की तक्त्याची?

विजेंद्र : नियम गावाने मोडला. घरोघर जाऊन बजावलं होतं आपण, फ्रीजर फक्त तुमच्यापुरता.

उनाइसी : ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी काय केलंत?

विजेंद्र : काय म्हणजे? रीतीप्रमाणे सभाघरात मांडी घालून बसलो. यंगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवली, मग ती कुटून सगळ्यांबरोबर प्यायलो. बाजारातून मुळं मी स्वतः निवडून घेतली होती. रीत पाळली नाही म्हणून मला कुणी बोल लावू शकत नाही.

उनाइसी : कुणी लावतही नाही. जुडी पुढे सारताना काय म्हणालात?

विजेंद्र : आता ते कुठे आठवतंय? सगळे म्हणतात तेच. पाहुणे आलोत, आत घ्या.

उनाइसी : तुम्ही म्हणालात, ‘ही यंगोना आणि हिच्यामागून जे जे येईल ते, या सबंध गावासाठी आणलंय.’ म्हाताऱ्यांनी जुडीला हात लावला, टाळ्या वाजवल्या, म्हणाले, घेतलं.

विजेंद्र : अगं, ती बोलायची पद्धत असते.

उनाइसी : तुमची पद्धत. तिथे तो दिलेला शब्द झाला. एक यंगोना ठेवली, एका गावाने घेतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही चिठ्ठ्या टाकायला लागलात तेव्हा म्हातारे खूश होऊन बघत होते. त्यांना वाटलं, गावाचे फ्रीजर कुणाकुणाच्या घरात ठेवायचे एवढंच ठरतंय.

(विजेंद्र हातातला घास तसाच डब्यात ठेवतो.)

विजेंद्र : तू होतीस ना तिथे? तेव्हा का नाही बोललीस?

उनाइसी : बोलले की. परतीच्या बोटीत. तुम्हाला बोट लागली होती. म्हणालात, नंतर बघू. ते नंतर आज उजाडलंय.

विजेंद्र : समितीत बाहेरचे पाहुणे आहेत. यंगोना आणि टाळ्या त्यांना सांगितल्यास तर हसतील तुला.

उनाइसी : हसू देत. तुम्ही आता माझ्या डब्यातला मासा खाल्लात. चिठ्ठी निघाली नव्हती तुमची. तुम्हालाही दूषित म्हणून वगळू?

विजेंद्र : जीभ फार चालायला लागलीय तुझी.

उनाइसी : प्रश्नावली देऊन घरोघर फिरवलंत तुम्ही. तिथेच चालायला लागली.

विजेंद्र : बरं, व्यवहाराचं बोलू. एक वाक्य लिही, डॉक्टर हो, मग पुढे हवं ते मांड. आधी पदरात पाडून घ्यावं माणसाने.

उनाइसी : पदरात काय पडणार, सर? माझ्या गावाने लबाडी केली, असं माझ्याच नावाने कायमचं छापलेलं. उद्या दुसरा कुणी वाचेल आणि म्हणेल, या लोकांना काही देऊन उपयोग नाही, हे नियम पाळत नाहीत. त्यांनी शब्द पाळला. आपण दिलेला शब्द त्यांनी पाळला.

विजेंद्र : आणि शिष्यवृत्ती गेली तर?

उनाइसी : गेली तर गेली. रडेन आणि बँकेत जाईन. भीती वाटत नाही असं नाही. सकाळपासून घास घेववत नाही, म्हणून तर डबा तुमच्यापुढे सरकवला. पण ते वाक्य लिहिणार नाही.

विजेंद्र : समिती विचारेल, मग हा घोटाळा केला कुणी?

उनाइसी : तुमचं नाव सांगेन. तोंडावर सांगेन, पाठीमागून नाही.

विजेंद्र : मी त्यांच्याच रांगेत बसलेला असेन.

उनाइसी : ठाऊक आहे. तुमच्याकडे बघूनच सांगेन.

विजेंद्र : माझ्या सहीशिवाय आत गेलीस तर ते तुला उभी चिरतील.

उनाइसी : सही नका करू. मी जातेच आहे.

सेरेआना : सर, पाहुणे जिना चढतायत. अगं बाई, डब्यात एवढंसंच उरलंय?

विजेंद्र : सेरेआना, खुर्च्या लावल्यास?

सेरेआना : मघाशीच. तुमची समितीच्या रांगेत, पंख्याखाली.

विजेंद्र : ती उचल तिथून.

सेरेआना : का? पंखा नको?

विजेंद्र : हिच्या शेजारी ठेव. यंगोना मी ठेवली होती.