शिलाई मशीन कोणाचं?

धुळ्याच्या कोर्टात मी कारकून होतो तेव्हाची गंमत ऐका. सखूअक्का कपडे शिवून पोट भरायची. तिचं मशीन दिराने नेलं आणि परत दिलं नाही, म्हणून तिने दावा लावला. वकील कायद्याच्या भाषेत भांडायचे, अक्का घाबरून गप्प बसायची आणि नुसत्या तारखा पडायच्या.

मग नवे न्यायाधीश आले. त्यांचं आजोळ शिरपूरचं. त्यांनी वकिलांना थांबवून दिरालाच अहिराणीत विचारलं, "भाऊ, मशीन कोनं शे?"

दीर चपापून म्हणाला, "वहिनीनंच शे, सायेब. पन माले आजून कोनी इचारंच नही!"

संध्याकाळी मशीन अक्काच्या घरी पोहोचलं. तेव्हापासून लहान दाव्यांत साहेब आधी दोन्ही पक्षांना त्यांच्या बोलीत बोलतं करू लागले. कोर्टाबाहेर ताटकळणारी गर्दी ओसरली. कुरकुरला तो फक्त फाटकाजवळचा चहावाला.