जुन्या डिस्कची घरघर

नव्याण्णव साल. नगरच्या दुरुस्तीच्या दुकानात रखमाजी बिघडलेला रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी काष्टी गावच्या चांगुणाबाई आणि दुकानदार प्रवीण यांची जुंपली, तसे त्याने कान टवकारले.

"मावशी, झाला तुमचा कॉम्प्युटर. जुनी डिस्क काढून नव्या डिजिटल कॅमेऱ्यात घालतात तसलं कार्ड बसवलंय. सगळं लिखाण उतरवलंय त्यावर."

"चालू कुठं झालाय? आवाजच न्हाई."

"कार्डात फिरणारं काही नसतंच. आवाज येणार कुठून?"

रखमाजीला राहवेना. "फटफटीची मोटार झाली की मावशे! पेढं वाट!"

"तू गप रं! आमचं मालक पहाटं लोकांचं अर्ज टाइप करायला बसायचं. डिस्कची घरघर सुरू झाली, की मी चुलीवर चहा ठेवायची. त्यास्नी जाऊन दोन वर्सं झाली. आता लेक बसती. पन घरघर ऐकली, की वाटतं, हायेत बसलेलं."

रखमाजीने रेडिओ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"ती जुनीबी आत बसव, लेकरा."

"तिच्यावर आता एक अक्षर टिकायचं नाही, मावशी."

"अक्षरं ऱ्हाऊ दे तुझ्या कार्डावर. ती फिरती का, तेवढं सांग."

"फिरते. नुसती वीज दिली तरी फिरेल."

"मग झालं तर."

"पण किती दिवस, ते सांगता येत नाही."

"तेवढं दिवस तरी फिरू दे."