सुनंदा भरकटली नव्हती

काकू, आणि जमलेल्या सगळ्यांनो, सुनंदाच्या बाजूनं मलाच बोलायला हवं. त्या दिवशी पाण्यात तिच्यासोबत मीच होते.

मी शबाना. इथं शेवगावच्या कॉलेजात आम्ही दोघी प्राणिशास्त्र शिकवायचो. डायव्हिंगही एकत्रच शिकलो. दर हिवाळ्यात मालवणला जायचो, समुद्राखालच्या एकाच खडकाशी. तिथं फुलपाखरू माशांची जोडी असायची. तळहाताएवढे, तपकिरी, डोळ्यामागं पांढरा पट्टा, शेपटी लाल. जोडी दिसली की सुनंदा पाण्यातच माझा हात दाबायची. वर आल्यावर म्हणायची, "आहेत गं. अजून आहेत."

गेल्या वर्षी खडकावरची प्रवाळं फुटलेली दिसली. पर्यटकांच्या बोटी तिथंच नांगर टाकत होत्या. मासा एकच दिसला. सुनंदा एका बोटवाल्याला म्हणाली, "दादा, नांगर जरा पलीकडं वाळूत टाका ना." तो हसला. "मॅडम, तुमच्या नगर जिल्ह्यात समुद्र आहे का?"

यंदा आम्ही दुसरा मासा शोधायलाच उतरलो. सापडला. दोघं होते. तिनं माझा हात दाबला.

मग आम्ही वर निघालो. खाली माणसं आहेत हे सांगणारा झेंडा आमच्या बोटीवर होता. तो दिसला की बाकीच्यांनी लांब राहायचं. तिथल्या प्रत्येक बोटवाल्याला हे ठाऊक आहे. तरी एक बोट भरधाव आली. सुनंदा वर होती, मी तिच्या खाली. बोटीचा पंखा तिला लागला. पुढचं तिच्या आईसमोर, काकूंसमोर सांगणार नाही.

आणि तो बोटवाला म्हणतो, बाई माशामागं भरकटल्या. खोटं आहे. साफ खोटं. ती झेंड्याजवळच होती. पोलिसांना मी हेच लिहून दिलंय, कोर्टातही हेच सांगेन.

पण मला राग एकट्या त्याचाच आहे का? आत्ता, या मंडपाच्या दाराशी मी ऐकलं, 'बाईमाणसाला कशाला हवेत असले उद्योग?' काकूंनीही ऐकलं. त्या मला म्हणाल्या, "माझी पोर मरायला न्हाई गेल्ती. मासं बगाया गेल्ती."

ऐकलंत?

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका. बाहेर पडल्यावरही तो प्रश्न काकूंच्या कानावर घालू नका. विचारायचंच असेल तर झेंडा दिसत असताना जो थांबला नाही, त्याला विचारा.

सुनंदा, जय भीम.