अध्यक्ष हयात पाहिजे

नाही, पण मला एक सांगा, मेलेल्या माणसाला अध्यक्ष करता येत नाही हे कुठे लिहिलंय? मग मी केलं तर काय एवढं आभाळ कोसळलं? ...अहो, असे बघू नका, वेड लागलेलं नाही मला, सांगतो ना सगळं!

मी निवृत्ती पगार. सातपूरला एकतीस वर्षं लेथवर होतो, आता रिटायर. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ते पलंग, वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर दिसतात ना, ते भंगाराचं दुकान नव्हे, ते माझं काम! वरच्या मजल्यावरचे ढुंढिराज गायधनी वारले तेव्हा हँडल फिरवलं की डोकं वर होणारा त्यांचा पलंग घरात पडून होता, मुलगा म्हणाला, "काका, कुणा पेशंटला द्या, बाबांचं नाव राहील." दिला. झालं! बारा वर्षं तेच चाललंय, ज्याच्या घरचं माणूस जातं तो सामान आणून टाकतो, ज्याच्या घरचं अंथरुणाला खिळतं तो घेऊन जातो, फुकट! कागद नाही, पत्र नाही, वहीत नुसता फोन नंबर.

आणि यंदा आमच्या सोसायटीचे चेअरमन, महेशराव, खिशात हात घालून येतात... "काका, दिवाळीपर्यंत पार्किंग मोकळं करा, नाहीतर टेम्पो बोलावून भंगारात घालीन!" भंगारात! चौदा वॉकर, एकवीस पलंग, लोकांच्या आईबापांचं सामान ते! तीन रात्री झोपलो नाही हो मी. शेवटी जुन्या कंपनीत गेलो. साहेब भला माणूस, म्हणाले, "पगार, एक गाळा रिकामा आहे, घ्या. पण संस्थेला देईन, माणसाला नाही. धर्मादायची नोंदणी आणा आणि करमाफीचा कागद आणा."

करमाफी! मला काय माहीत ते कशाशी खातात? आमची लता म्हणाली, "अहो, ती आभा नाही का, सीए झालेली? कॉलेज रोडला ऑफिस आहे तिचं." गेलो. आधी फी विचारली. तर ती पोर म्हणते, "काका, माझी आई अकरा महिने तुमच्या पलंगावर होती. दोन जिने चढवून तुम्ही स्वतः तो आणून जोडून दिलात. तेव्हा तुम्ही काही मागितलं होतंत?" खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पोरीचे उपकार आहेत हो, नाही कुठे म्हणतोय?

पण दुसऱ्याच मिनिटाला चष्मा लावला ना तिनं...

"अध्यक्ष कोण?"

"ढुंढिराज गायधनी."

"बरं, त्यांना सहीला घेऊन या."

"सहीला? अगं, बारा वर्षांपूर्वी रामकुंडावर पोचवून आलोय त्यांना!"

पेन खाली ठेवलं तिनं. "आणि उपाध्यक्ष?" तेही गेलेले. खजिनदार? गेलेल्या. अहो, मी यादी मानानं केली होती, ज्याचं सामान आधी आलं तो वर! "काका, सात विश्वस्तांमध्ये हयात किती?" मी मोजलं. म्हटलं, "मला धरून? ...एक."

हसली नाही हो ती! शांतपणे म्हणाली, "त्यांची नावं सामानावर लिहू, पाट्या लावू. सह्या करायला जिवंत माणसं लागतात." आणा मग जिवंत माणसं! तुम्हाला सांगतो, गेलेली माणसं परवडली. एक म्हणे, "पॅनकार्ड कशाला, घरी नोटीस येईल का?" दुसरा म्हणे, "बायकोला विचारून सांगतो," तो अजून विचारतोच आहे! शेवटी आभानं काय करावं? थेट महेशरावांना फोन लावून विश्वस्त केलं! आता सामान हलायला हवं तर त्यांनाच घाई ना! बाकीची नावं त्यांनीच गोळा केली, आणि खजिनदारकी माझ्या गळ्यात! पोरीचे उपकार आहेत, आणि डोकंही आहे.

मग ती घटना. हो, संस्थेची घटना लिहायची असते! चार वेळा लिहिली. त्यात एक कलम, संस्था बंद पडली तर सामान कुणाला जाणार? मी म्हटलं, "अगं, बारसं व्हायच्या आधीच तेराव्याचं जेवण ठरवतेस?" तर म्हणे, "काका, हे कलम नसेल तर करमाफी मिळत नाही. सामान कुणाच्या घरी जाता कामा नये, तशाच दुसऱ्या संस्थेला गेलं पाहिजे." सकाळी साडेसहाला फोन, "काका, लाइटबिल पुसट आलंय, पुन्हा पाठवा." धर्मादायच्या ऑफिसात तारीख होती, तिथे स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून नेलं मला, हेल्मेट घालून! या वयात! वर रस्ताभर दटावते, "काका, तिथे ढुंढिराजांचं नाव काढू नका."

आणि तुम्हाला सांगतो... दिवाळीला आठ दिवस राहिले आणि दोन्ही कागद हातात! लतानं देवापुढे ठेवून साखर दाखवली. मी फोनवर नुसता "आभा... आभा..." करत राहिलो. पोरीचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. दोन टेम्पोंत सगळं गाळ्यावर नेलं, भंगारात एक स्क्रूसुद्धा गेला नाही.

शेवटचा पलंग उतरवताना माझ्या कमरेत कळ आली, कशी... थेट डॉक्टर! "तीन आठवडे वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही." म्हटलं, त्यात काय, चौदा आहेत आपल्याकडे! महेशरावांना म्हटलं, एक पाठवून द्या. त्यांनी तिला विचारलं असणार, तेवढ्यात आभाचा फोन.

"काका, थांबा! तुम्ही विश्वस्त आहात. संस्थेची वस्तू विश्वस्तानं फुकट वापरायची नाही, करमाफी धोक्यात येईल."

"अगं, कंबर संस्थेचाच पलंग उचलताना गेली माझी!"

"माहितीये काका. भाडं भरा, पावती घ्या."

उपकार आहेत ना! भरलं गपचूप. साऱ्या नाशकाला आमचा वॉकर फुकट, भाडं भरणारा माणूस एकच... आणि 'पैसे मिळाले' म्हणून पावतीवर सही करणाराही तोच!